‘आमचं घर म्हणजे उदाहरणांचं दुकान आहे का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

यूपीएससीला मानववंशशास्त्र हा ऑप्शनल घेणाऱ्यांसाठी मी गेल्या महिन्यात दुसऱ्या पेपरबद्दल लिहिलं होतं. त्यावर किनवटकडच्या एका कोलाम तरुणाची मोठी प्रतिक्रिया आली. ते पुण्यात अभ्यासिकेत बसतात आणि यूपीएससीची मेन्स दुसऱ्यांदा देणार आहेत. त्यांच्या तीन तक्रारी आहेत. ‘एकदा एखाद्या पाड्यावर चक्कर मारून या, उत्तरात घालायला उदाहरणं मिळतील’ असं मी लिहिलं होतं. त्यावर ते विचारतात, “मॅडम, आमचं घर म्हणजे तुमचं उदाहरणांचं दुकान आहे का?” दुसरी तक्रार अशी की आर्ट्सच्या मुलांनी पहिल्या पेपरातली आनुवंशिकी सोडली तरी चालेल, हा माझा सल्ला मुलांना बुडवणारा आहे. आणि तिसरी त्यांच्याच शब्दांत: “मी पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) वाढलो, त्याचे मला पेपरात शून्य मार्क. नोट्स पाठ करणारे पुढे गेले. मग पाठ करा असंच सरळ सांगा ना.”

पहिल्या दोन गोष्टींत चूक माझी आहे. तिसरी मात्र मला मान्य नाही, आणि तिच्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहिते आहे.

ते पाड्याचं वाक्य मी आज लेखातून काढलं. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातली मुलं होती, ज्यांनी आदिवासी गाव फक्त सहलीच्या बसमधून पाहिलंय. त्यांनी जावं, बघावं, एवढाच हेतू होता. पण एका दिवसात जाऊन, फोटो काढून, चार नावं टिपून परत यायचं, याला या विषयात क्षेत्रकार्य म्हणत नाहीत. सिलॅबसमध्ये क्षेत्रकार्याची परंपरा असा मुद्दाच आहे आणि त्याचा पाया म्हणजे लोकांत राहणं, त्यांची भाषा शिकणं, महिनोन्‌महिने थांबणं. हे शिकवणारीनेच असं लिहावं, हे बरं नव्हे.

तुमच्या रागाला या विषयाच्या इतिहासातही जागा आहे, आणि ती उत्तरपत्रिकेत लिहायची जागा आहे. आपल्याकडे हे शास्त्र माणसांची नाकं मोजत मोजत आलं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचा आणि जातीच्या उच्चनीचतेचा संबंध जोडला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींत जन्मलेल्या पोराला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि तो डाग कागदावरून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. ‘आदिम जमाती’ हे सरकारी नाव २००६ मध्ये बदलून ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ झालं. देशात असे ७५ गट आहेत, महाराष्ट्रात तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. एका क्लासच्या नोट्समध्ये मी हल्लीच पाहिलं, तिथे अजून ‘आदिम’च छापलंय. वर्गीकरणावर प्रश्न आला तर निकष लिहाच: शेतीपूर्व काळातलं तंत्र, साक्षरता कमी, लोकसंख्या खुंटलेली किंवा घटती. पण ‘आदिम’ हा शब्द का टाकावा लागला, हेही दोन ओळींत लिहा. तुम्ही ते ज्या पोटतिडकीने लिहाल, तसं नोट्स पाठ केलेला मुलगा लिहिणार नाही.

याच संदर्भात मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांची एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या तिसाव्या वर्षाच्या आगेमागे त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करत होत्या. युरोपीय कवट्यांची रचना वेगळी आणि म्हणून श्रेष्ठ, असं काहीतरी सिद्ध व्हावं, ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि मापांत तसं काही निघत नाही, असंच लिहून दिलं. मोजपट्टी हातात धरूनही माणसाशी प्रामाणिक राहता येतं, एवढं त्यातून मी घेते.

आता आनुवंशिकी. ‘सोडली तरी चालेल’ हे मी लिहायलाच नको होतं. पहिल्या पेपरात आठ प्रश्नांपैकी पाच सोडवायचे असतात, त्यात पहिला आणि पाचवा सक्तीचा, आणि या दोन्हींत दहा-दहा मार्कांच्या पाच टिपा. आनुवंशिकी ज्यात येते ते शारीरिक मानववंशशास्त्र सोडून दिलं की सक्तीच्या प्रश्नातच हात बांधले जातात. शिवाय ते भीतीदायक नाहीच. लोकसमूहातलं जनुकांचं प्रमाण काढायचं हार्डी-वाइनबर्गचं सूत्र बघून आर्ट्सची मुलं दचकतात, म्हणून इथेच करून दाखवते.

समजा एखाद्या लोकसमूहात शंभरात एकाला सिकलसेलचा (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो) आनुवंशिक आजार आहे. आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. म्हणजे त्या जनुकाच्या प्रमाणाचा वर्ग शंभरात एक, म्हणून प्रमाण दहात एक, ०.१. उरलेलं चांगलं जनुक ०.९. आता एकच सदोष जनुक असलेले, म्हणजे वाहक, किती? दोन गुणिले ०.९ गुणिले ०.१, म्हणजे ०.१८. शंभरात एक आजारी, अठरा वाहक आणि एक्क्याऐंशी जणांत हे जनुकच नाही. झालं गणित. सातवीतल्या मुलाला येईल एवढं.

पण दहापैकी चांगले मार्क पुढच्या वाक्याला मिळतात. एवढा जीवघेणा आजार असूनही हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं कसं? कारण वाहकाला हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं, हे संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. म्हणजे इथे नैसर्गिक निवड चालू आहे, आणि हार्डी-वाइनबर्गचा समतोल निवड नसताना लागू होतो. आता नंदुरबार आणि गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यांत सिकलसेलची रंगीत कार्डं का वाटतात, १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम का सुरू झाली, हे त्याच उत्तरात जोडा. पहिल्या पेपरातलं सूत्र आणि दुसऱ्या पेपरातला आदिवासी आरोग्याचा प्रश्न एकमेकांना भेटतात ते इथे. तुमचा मुद्दा बरोबर होता. मला तो आधीच दिसायला हवा होता.

आता तुमचं तिसरं म्हणणं: अनुभवाला मार्क नाहीत, नोट्स पाठ करणं हाच मार्ग.

यात एक गोष्ट खरी आहे. नुसत्या अनुभवाला मार्क नाहीत. ‘आमच्याकडे असं असतं’ हे वाक्य परीक्षक तपासू शकत नाही. पण म्हणून अनुभव पेटीत बंद करून दुसऱ्याची झेरॉक्स पाठ करायची, हे मला पटत नाही. अनुभवाला विषयाची भाषा द्यावी लागते, आणि ते शिकता येतं.

आमच्या अभ्यासगटात रायगडच्या एका कातकरी वाडीतली मुलगी होती. वेठबिगारीवरच्या प्रश्नाचं तिचं पहिलं उत्तर मला अजून आठवतं: ‘कातकरी ही महाराष्ट्रातील जमात असून तिच्यात स्थलांतर, कर्जबाजारीपणा आणि वेठबिगारी आढळते.’ वाक्य बरोबर, पण कुठल्याही जमातीचं नाव घातलं तरी बसेल असं. मी तिला विचारलं, तुमच्या वाडीत वर्ष कसं जातं ते सांग. ती सांगत गेली. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा मुकादम येतो, उचल देतो. दिवाळी झाली की अख्खं घर वीटभट्टीवर. पोरांची शाळा तिथेच तुटते. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब पावसाच्या तोंडावर होतो, आणि त्या हिशेबात उचल कधी फिटतच नाही, मग पुढच्या वर्षीची उचल त्याच मुकादमाकडून.

ते सगळं तिने दीडशे शब्दांत लिहिलं. उचल म्हणजे कर्जातून आलेलं बंधन. १९७६ च्या वेठबिगार मुक्ती कायद्यात आगाऊ रकमेपोटी कराव्या लागणाऱ्या सक्तीच्या श्रमाची व्याख्या आहे, ती तिने तिथे जोडली. खैरापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा जुना धंदा, त्यावरूनच हे नाव पडलं, आणि जंगल हातातून गेल्यावर माणूस भट्टीवर पोचला, ही ओळ शेवटी. तिने विचारलं, “मॅडम, माझं घर आहे असं लिहू?” नाही लिहायचं. उत्तरपत्रिकेत स्वतःची ओळख पटेल असं काही लिहायला आयोगाची मनाई आहे. ‘रायगडमधील कातकरी वाड्यांत’ असं लिहायचं. घर तिचंच, आणि त्यातलं काय सांगायचं हे तिनेच ठरवलं. तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तरही मला इथेच सापडतं: दुसऱ्याने येऊन उचलून नेलेलं उदाहरण वेगळं आणि आपण आपल्या समजुतीने मांडलेलं वेगळं.

आदिवासी नसलेल्यांनाही हेच लागू. आपल्या घरात, आपल्या तोंडात मानववंशशास्त्र भरलेलं आहे, ते आपल्याला दिसत नाही एवढंच. नातेसंज्ञांवर प्रश्न आला की मुलं हवाई आणि इरोक्वाय या परदेशी नातेसंज्ञा-पद्धती धावत लिहितात. लिहावं, ते लागतंच. पण जुन्या मराठी घरात सून सासऱ्यांना काय म्हणायची? मामंजी. सासूला? आत्याबाई. सासरा मामा कसा आणि सासू आत्या कशी? आत्याच्या मुलाशी लग्न झालं तर सासू ही वडिलांची बहीणच असते, आणि आत्याचा नवरा अनेक घरांत मामाच. मुलाच्या बाजूने हेच लग्न मामाच्या मुलीशी. सासूच्या तोंडी ती ‘भाची सून’. आतेबहिणीशी लग्न मात्र बहुतेक मराठी जाती टाळतात. लग्न नात्याबाहेर झालं तरी हाक तीच राहिली. विवाहाचा नियम नातेसंज्ञेत कसा मुरतो, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

इरावतीबाईंनी १९५३ च्या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेचे चार विभाग केले आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात घातला. उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि आपण मध्ये, मामाची मुलगी चालते, आत्याची नाही. हे सगळं दहा मार्कांत बसतं.

तुमच्या शेजारच्या गोंडांचंच घ्या. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे हे तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. जितके देव सारखे तितकी भावकी, त्यांच्यात सोयरीक नाही. सिलॅबसमध्ये यालाच कुळसमूहाचा बहिर्विवाह म्हणतात. इंग्रजी पुस्तकातून ही कल्पना डोक्यात बसवायला मला दोन दिवस लागले होते. तुम्हाला त्यासाठी दोन मिनिटंही लागू नयेत.

नोट्स टाकून द्या असं मी म्हणत नाही. जीवाश्मांची नावं, १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोऱ्याला अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी, अनुसूचित जमातींवरचा धेबर आयोग, संविधानाची पाचवी आणि सहावी अनुसूची, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, हे पाठच हवं. मानववंशशास्त्रज्ञ एल्विन आणि समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचा वाद दोन्ही बाजूंनी यायला हवा: एल्विन आदिवासींना बाहेरच्या लुटीपासून जपा म्हणत होते, आणि आपले मालवणचे घुर्ये त्यांना ‘मागासलेले हिंदू’ म्हणून मोकळे झाले. पण पेसा आणि वनहक्क कायद्याची कलमं सगळेच लिहितात. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, आणि तरी स्वतःच्या जंगलातला बांबू विकायचा वाहतूक परवाना हाती यायला २०११ उजाडलं. कायदा आणि त्याचा अंमल यांतलं अंतर त्या दोन वर्षांत मावतं. हे जो लिहितो त्याला प्रश्न कळला आहे.

मराठी माध्यमाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्यावर थोडंच. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत येते, उत्तर मराठीत; तेव्हा प्रश्न इंग्रजीत वाचून मराठीत विचार करायचा सराव रोज हवा. पारिभाषिक शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द कंसात द्यायला आयोगाची परवानगी आहे. ती वापरा, पण शब्दापुरतीच. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय आला, त्यामुळे ही मेहनत दोन्हीकडे कामी येते.

आता एक विनंती. मेसचा खर्च, भाडं, घरून येणाऱ्या फोनवरचे प्रश्न, हे सगळं सांभाळून तुम्ही अभ्यास करताय, त्यात माझ्यासाठी वेळ मागणं जड आहे. तरी दीडशे शब्दांचं एकच उत्तर लिहून पाठवा, मी तपासून परत करेन. गोंड लोक कोलामांना ‘पुजारी’ म्हणतात, कारण त्या भागातल्या स्थानिक देवांना राजी करणं कोलामालाच जमतं अशी त्यांची श्रद्धा. १९४० नंतर आदिलाबादला काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी हे नोंदवलं आहे. प्रश्न असा: ‘शेजारी राहणाऱ्या दोन जमातींमधले धार्मिक परस्परावलंबन स्पष्ट करा.’ हायमेनडॉर्फ एका ओळीत येऊ द्या. बाकीचं तुमच्या पोडावर पूजेच्या दिवशी कोण कुठे बसतं, आधी कोणाला बोलावतात आणि कोणाच्या हातचं घेतात, त्यावरून लिहा. आणि कोलामीत सून सासऱ्याला काय हाक मारते, तेही खाली लिहून पाठवा.