तळेगावचं गेलं, वाशीमला आलंच नव्हतं

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला की इथं जर्मनीत, बोखुममध्ये मला सकाळी उठल्या उठल्या कळतं. शंभरेक मेसेज साचलेले असतात. वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना पुण्याजवळच्या तळेगावऐवजी गुजरातला कुणी नेला, टाटा-एअरबसचा विमानांचा प्रकल्प नागपूरच्या हातून वडोदऱ्याला कसा गेला, हा २०२२चा हिशेब अजून मिटलेला नाही. काका म्हणतात, आपल्या लोकांनी दिल्लीपुढे मान तुकवली. मेव्हणा म्हणतो, आधीच्या सरकारनं सवलती वेळेवर दिल्या नाहीत. फॉक्सकॉननं जुलै २०२३ मध्ये त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं, हे मात्र दोघांच्याही मेसेजमध्ये येत नाही.

काळजी खोटी नाही. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२४च्या टिपणानुसार देशाच्या जीडीपीतला महाराष्ट्राचा वाटा २०१०-११ मध्ये १५ टक्क्यांवर होता, तो २०२३-२४ मध्ये १३.३ टक्क्यांवर आला. दरडोई उत्पन्नात गुजरात पुढे गेला. वाचून मलाही लागलं.

पण मी वाशीम जिल्ह्यातला. तळेगावला कारखाना आला असता तर आमच्या तालुक्यात काय बदललं असतं? पुतण्या मेकॅनिकल इंजिनिअर, हिंजवडीत चौघांत एक खोली करून राहतो. तळेगावला नोकरी लागली असती तर त्याची खोली बदलली असती, इतकंच. गेल्या दिवाळीत आमच्या तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत मुद्दाम फिरून आलो. आखलेले प्लॉट, डांबरी रस्ता, विजेचे खांब आणि सगळीकडे बाभळी. एक शेड उघडी होती, तिच्यात सोयाबीनची पोती छतापर्यंत रचलेली. ती ट्रकनं बाहेर जाणार, तेल दुसऱ्या गावात निघणार.

हे काही नवीन नाही. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये मागास भागांचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजून दिला. केळकर समितीनं २०१३ मध्ये पुन्हा सगळं मांडलं. विदर्भ-मराठवाड्यासारख्या भागांना निधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, त्यानंतर दोनदा मुख्यमंत्री बदलले. ग्रुपवर यावर कधी एक ओळ नाही.

माझी ट्राम रोज ओपेलच्या जुन्या आवाराजवळून जाते. १९६२ मध्ये सुरू झालेला हा मोटारींचा कारखाना डिसेंबर २०१४ मध्ये बंद पडला. इथंही कोण चुकलं यावर भांडणं झाली. पण त्याच वर्षी शहरानं कंपनीबरोबर जागेच्या विकासासाठी वेगळी संस्था काढली. आज तिथं पार्सल केंद्र आहे, विद्यापीठाचं संशोधन चालतं, जुनी कचेरी तेवढी जपून ठेवली आहे. आणि ते विद्यापीठ तरी कधीचं? १९६५चं. कोळशाच्या खाणी बंद पडू लागल्या होत्या तेव्हाचं. तोवर या खाणपट्ट्यात एकही विद्यापीठ नव्हतं. सगळं छान झालं असं नाही. इथली बेकारी आजही जर्मनीच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. पण गेलेल्या कारखान्याइतकीच मागे राहिलेल्या गावाचीही चर्चा झाली.

आमच्या आमदाराला कुणी तळेगावबद्दल विचारायचं ते खुशाल विचारा. मी मंडळांची मुदतवाढ विचारणार आहे, त्या बाभळीतल्या प्लॉटांवर तेलाची गिरणी का उभी राहत नाही ते विचारणार आहे. पुतण्यानं मला सरळ सांगितलंय, काका, गावाकडं पंचवीस हजारांची नोकरी मिळाली तरी मी उद्या येतो.