ऐकून झाल्यावर येणारं पत्र

इथे जर्मनीत तपासयंत्रणेने एखाद्याचा फोन ऐकला, तर ऐकणं थांबल्यावर त्या माणसाला तसं कळवावं लागतं. इथल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 101 मध्ये हे बंधन आहे. तुमच्या फोनवर लक्ष ठेवलं होतं, ते बेकायदा होतं असं वाटत असेल तर दोन आठवड्यांत न्यायालयाकडे दाद मागता येईल, असं त्या पत्रात सांगावं लागतं. तपासाला धोका असेल तर पत्र लांबवता येतं. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त लांबवायचं तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि पत्र कधीच पाठवायचं नाही असं ठरवायलाही पुन्हा न्यायालयाचीच संमती लागते.

आपल्याकडे फोन टॅपिंगवर वाद पेटला की 'कोणी कोणाचा फोन ऐकला' यापलीकडे तो सरकत नाही. महाराष्ट्रात लोकप्रतिनिधींचे फोन दुसऱ्याच नावांखाली टॅप केल्याचा आरोप झाला, पुण्यात आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले, सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. एवढ्या काळात विधानसभेत, वाहिन्यांवर भरपूर बोललं गेलं. ज्याच्यामागे पक्ष नाही, पत्रकार परिषद नाही, त्याचा फोन ऐकला तर त्याला कळणार कसं, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात बाजूलाच राहिला. उत्तर सरळ आहे: कळणार नाही. तशी तरतूदच नाही.

टॅपिंगचा आदेश केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव काढतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर ही चौकट घालून दिली, 2007 मध्ये ती टेलिग्राफ नियमांत 419-अ म्हणून आली, आणि डिसेंबर 2024 मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखालच्या नियमांत थोड्या फरकाने कायम राहिली. आदेश 60 दिवसांचा, वाढवत नेला तरी 180 दिवसांपर्यंत. तातडीच्या प्रसंगी राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी परवानगी देऊ शकतो, पण सात कामाच्या दिवसांत तिच्यावर वरून शिक्कामोर्तब झालं नाही तर ऐकणं थांबवायचं. त्यावर आढावा समिती असते. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत आणखी दोन सचिव. आदेश काढणारे सचिव आणि तपासणारेही सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही.

आणि तपासणी होते ती कशी? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात लिहिलं की केंद्राच्या आढावा समितीपुढे दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश असतात. बैठक आठ तास चालली, कोणी चहाला उठलं नाही, असं धरा. आठ तासांचे 28,800 सेकंद होतात. एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात फाइलवरचं नावही धड वाचून होत नाही.

नियम मोडले गेले तर न्यायालय दखल घेतं, हे खरं आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. कायद्याला हवी असलेली सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न त्या प्रकरणात नव्हताच, असं सांगून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. पण तो माणूस न्यायालयात पोचला कारण त्याच्यावर खटला होता आणि ती ध्वनिमुद्रणं त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आली. ज्याचा फोन सहा महिने ऐकून काहीच सापडलं नाही, म्हणजे जो खरोखर निर्दोष, त्याला दाद मागायची वाटच नाही. म्हणून सचिवाच्या जागी न्यायाधीश आणण्याआधी एक करावं: नियमांत कळवण्याचं एक कलम घालावं. फोन ऐकून संपल्यावर ठरावीक मुदतीत पत्र. दहशतवादाचा तपास चालू असेल तर लांबवा, पण लांबवण्याचं कारण न्यायाधीशाला सांगा. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही.

जर्मनीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. इथे फोन ऐकण्याचा आदेश न्यायाधीश देतो, एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी. घाईत सरकारी वकिलाने दिला तर तीन कामाच्या दिवसांत न्यायाधीशाची मोहोर लागते. तरी न्यायाधीश क्वचितच नाही म्हणतात, अशी टीका इथले वकील सतत करतात. थेट मोबाइलमध्ये सॉफ्टवेअर घुसवून संदेश वाचण्याची मुभा 2017 पासून पोलिसांना आहे. किरकोळ गुन्ह्यांसाठी ती वापरता येणार नाही, असं घटना न्यायालयाने 2025 मध्ये बजावलं. आपल्याकडे पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या चौकशीत सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने 29 फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं सरन्यायाधीशांनी ऑगस्ट 2022 मध्ये भर न्यायालयात सांगितलं. तिथे ते प्रकरण निवलं.

कायदा कितीही चांगला केला तरी पोलिसांसाठी ठेवलेल्या दारातून दुसरे शिरतात. अथेन्समध्ये 2004-05 साली हेच झालं. एका मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठीची सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीच होती, कंपनीने ती विकतही घेतली नव्हती. कोणीतरी तीच गुपचूप चालू केली आणि पंतप्रधानांसह शंभराहून जास्त जणांचे कॉल प्रीपेड फोनांवर वळवले. चोरी उघडी पडली ती घुसखोरांनी आपला प्रोग्राम अद्ययावत करताना एसएमएस अडकू लागले म्हणून. अमेरिकेत 2024 मध्ये चिनी हॅकर टेलिकॉम कंपन्यांच्या अशाच टॅपिंग यंत्रणांपर्यंत पोचले, तेव्हा तिथल्या सरकारी सायबर संस्थेनेच मोक्याच्या पदांवरच्या लोकांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची, म्हणजे मधल्या कंपनीलाही संदेश वाचता येणार नाहीत अशी, ॲप वापरा असं सांगितलं.

साधा कॉल फक्त हँडसेट ते टॉवर एवढाच कुलूपबंद असतो. एक्स्चेंजमध्ये तो उघडा होतो. टूजीमध्ये तर ते कुलूपही मोडकं: तिथे नेटवर्क फोनची ओळख तपासतं, फोन नेटवर्कची तपासत नाही, म्हणून बनावट टॉवर उभा केला की फोन बिनतक्रार त्याला चिकटतो. अँड्रॉइडच्या नव्या फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये टूजी बंद करता येतं. मात्र सह्याद्रीतल्या ज्या गावात टूजीचीच रेंज येते तिथे मग फोन लागणार नाही, तेव्हा गावी जाताना चालू करा. जर्मनीत थ्रीजी 2021 मध्ये बंद झालं, त्यामुळे इथेही फोरजी गेलं की फोन थेट टूजीवर येतो.

परदेशात भारतीय सिम रोमिंगवर ठेवून बँकेचे ओटीपी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. देशोदेशींच्या टेलिकॉम कंपन्या एकमेकींशी एसएस-7 नावाच्या जुन्या पद्धतीने बोलतात, ज्यात 'हा ग्राहक आता माझ्याकडे आहे' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला जातो. रोमिंग त्यावरच चालतं, आणि चोरीही. 2017 मध्ये जर्मनीत चोरांनी आधी खातेदारांचे पासवर्ड मिळवले, मग परदेशी नेटवर्कमधून त्यांचे एसएमएस स्वतःकडे वळवून खाती रिकामी केली. बँक ॲपमधून मंजुरीची सोय देत असेल तर एसएमएस सोडा.

कॉल वळवलेत का ते *#21# लावून दिसतं, ##002# ने सगळं वळवणं रद्द होतं. *#62# लावल्यावर अनोळखी नंबर दिसला तर घाबरू नका, तो बहुधा कंपनीच्या व्हॉइसमेलचा असतो. कुरिअरवाला म्हणून कोणी *401* ने सुरू होणारा नंबर लावायला सांगितला तर फोन ठेवा. भारतात नंबर लावून कॉल वळवण्याची ही सोय एप्रिल 2024 पासून बंद करायचा आदेश याच फसवणुकीमुळे निघाला. सिमला पिन लावा. आपल्याकडे तो सहसा लावलेला नसतो, म्हणून चोरलेलं सिम दुसऱ्या फोनात घातलं की ओटीपी चोराला मिळतात. सुरुवातीचा पिन कंपनीला विचारून घ्या, अंदाजाने तीनदा चुकला तर पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागत बसावं लागतं.

मार्च 2024 मध्ये जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची 38 मिनिटांची बैठक रशियाने जगाला ऐकवली. संरक्षणमंत्र्यांच्या म्हणण्यानुसार एक अधिकारी सिंगापूरहून असुरक्षित जोडणीने बैठकीत आला होता. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही असंच असतं. तुम्ही म्युनिकला सगळं नीट केलंत, पण सांगलीला आईच्या फोनचा बॅकअप क्लाउडवर उघडा पडला असेल, तर तुमचेही सगळे संदेश तिथेच आहेत. तिच्या फोनवर चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. तिथे पासवर्ड किंवा 64 अंकी-अक्षरी चावी मिळते. ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. हरवली तर फोन बदलताना जुने संदेश मिळणार नाहीत, कारण तो बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही.