सोपा स्वयंपाक, पण कुणाला?

टीव्हीवरच्या झटपट रेसिप्यांवर माझा राग नाही, मीही बघते. पण "दहा मिनिटांत भाजी" म्हणतात तेव्हा कांदा चिरलेला, लसूण सोललेला आणि कूट वाटीत तयार असतो. ते कुणी केलं? कॅमेऱ्यामागच्या माणसांनी. आपल्याकडं ती माणसं म्हणजे आपणच.

टीव्हीवर स्वयंपाक करणाऱ्यांत मला मनापासून पटली ती अमेरिकेची ज्युलिया चाइल्ड. १९६३ साली बोस्टनच्या केंद्रावरून तिचा 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला तेव्हा बाई पन्नाशीच्या. लग्न झालं तेव्हा धड स्वयंपाक येत नव्हता. १९४८ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळं पॅरिसला गेली आणि तिथं रीतसर शाळेत जाऊन शिकली, वय छत्तीस-सदतीस. आपल्याकडं त्या वयाची सून भाकरी शिकायली म्हटलं तर गल्ली बघायला येईल.

एका भागात बटाट्याचा जाड घावन उलटवताना तिच्याकडून थोडा शेगडीवर सांडला. तिनं तो गोळा करून परत तव्यात घातला आणि वर सांगितलं की स्वयंपाकघरात आपण एकट्याच असतो, बघतंय कोण! मला तिची कुठलीच फ्रेंच रेसिपी येत नाही, शिकायचीही नाही. पण हे वाक्य पाठ आहे.

आता आपल्याकडचं बघा. "काही घाट घालू नको, साधे धपाटे कर." हे साधे धपाटे म्हणजे पीठ मळायचं, ओल्या फडक्यावर एकेक थापायचा, मधे बोटानं भोक पाडायचं, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथा घालायचा, भोकात तेल सोडायचं आणि गरम असतानाच वाढायचा. शेवटचा धपाटा आपल्या ताटात येईस्तोवर बाकीचे हात धुवून बसलेले. साधं खाणाऱ्याला, करणाऱ्याला नाही.

खरं सोपं आपल्याकडं आहे की. सुशीला आहे: मुरमुरे भिजवून पिळले, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकले, वरून डाळव्याची पूड, झालं. येसर आहे: धान्य, डाळी न् मसाले भाजून दळून डब्यात भरलेले, पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की उकळली आमटी. बाजारात इन्स्टंटची पाकिटं यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या हे करत होत्या. फक्त पाहुण्यासमोर नुसती सुशीला ठेवली की "काही केलंच नाही का?" हे ऐकावं लागतं.

मुलाखतीत ज्युलियासारख्या बायांना हमखास विचारतात, घर आणि काम कसं सांभाळता? ज्युलियाच्या घरचं उत्तर मला फार आवडतं. बाई सहा फूट दोन इंच. नवऱ्यानं, पॉलनं, तिच्या उंचीला बेतून ओटे उंच करून घेतले. कुठलं भांडं कुठं टांगायचं त्याच्या आकाराच्या रेघा भिंतीवरच्या फळीवर मारून दिल्या. ते अख्खं स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आणि आमच्या लातूरकडं घर बांधताना हॉलचं पीओपी बघायला चार घरं हिंडतात, ओट्याची उंची मात्र गवंडी ठरवतो. माझी जाऊ बुटकी, ती बिचारी पाटावर उभी राहून भाकरी थापते. कंबर दुखते म्हणाली तर मलम आणून देतात, ओट्याचं कुणी नाव काढत नाही.

सध्या आमच्या शेजारी नवं घर बांधायलेत. तिथल्या वहिनींना सांगून आलेय, फरशी बसायच्या आधी काटवट मांडून थापून बघा, हात अवघडला तर गवंड्याला तिथंच थांबवा. आणि जमलं तर भाऊजींनाही एकदा त्या ओट्यापाशी उभं करा.