वजाबाकीतले सुट्टे

५२ वजा २७. माझ्या तिसरीच्या वर्गात अर्ध्याहून जास्त वह्यांत उत्तर होतं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायचा, एवढं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "शेजारच्या घरातून दशक उसना घ्या," हे मी फळ्यापाशी किती वेळा म्हणाले असेन. दोन दिवस जमलं, सोमवारी परत ३५.

मग खराट्याच्या काड्या सारख्या मापानं तोडल्या, दहा-दहाच्या जुड्या करून रबरबँड लावले. एका मुलीसमोर पाच जुड्या आणि दोन सुट्ट्या काड्या ठेवल्या आणि म्हटलं, शेजारणीला २७ दे. तिनं दोन जुड्या दिल्या, दोन सुट्ट्या दिल्या आणि थांबली. जरा वेळानं म्हणाली, "बाई, सुट्टे संपले. एक मोडू का?"

मोडू का! बसमध्ये, वडापावच्या गाडीवर मुंबईतली ही पोरं रोज ऐकतात, सुट्टे द्या, शंभरची मोड आहे का. हातच्याची वजाबाकी म्हणजे हीच मोड. आणि उसनं घेतलेलं तर परत द्यावं लागतं, वजाबाकीत कोण कुणाला काय परत देतं? आता आमच्या वर्गात कुणी उसना घेत नाही, दशक मोडतो.

म्हणून गणिताच्या साहित्याच्या पेट्या शाळेच्या कपाटात कुलूपबंद दिसल्या की मला खरंच त्रास होतो. विचारलं की उत्तर येतं, "हरवलं तर जबाबदार कोण?" अहो, काड्या हरवणारच, मुलांच्या हातात जातायत! वर्षातून एकदा उपक्रमाच्या फोटोसाठी पेटी उघडून काय मिळतं?

पालकसभेत एका आईनं विचारलं, "नुसते खेळ चालतात, वही कोरी कशी?" प्रश्न रास्त आहे. काड्या मोडून झाल्यावर तेच चित्रात काढायचं, मग अंकात मांडायचं, हा टप्पा गाळला तर खेळ खेळच राहतो. सगळ्याच खेळांत गणित असतं असंही मी मानत नाही. सापशिडीत फासा पडेल तेवढं पुढे जायचं, मुलानं ठरवायचं काय? दोन फासे द्या, बेरजेनं जायचं की वजाबाकीनं ते त्याला ठरवू द्या, मग बघा कसा विचार करतो.

पाचवीवर बदली तास मिळाला की मी कापरेकरांचा खेळ घेते. द. रा. कापरेकर, डहाणूत १९०५ साली जन्मलेले, देवळालीच्या शाळेतले शिक्षक. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. तेच अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेले वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथंच राहतं. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. एरवी पाच वजाबाक्यांना कंटाळणारी मुलं वीस-वीस करतात. गंमत म्हणजे मधली एखादी चुकली तरी गाडी बहुधा ६१७४ लाच येते, म्हणून प्रत्येक पायरी जोडीदारानं तपासायची असा आमचा नियम आहे.

तिसरीत उद्या ३०४ वजा १२७. तीन मोठे गठ्ठे, जुडी एकही नाही, चार सुट्ट्या. कालच एक मुलगा सांगून गेलाय, "आधी मोठा सोडू, मग त्यातली एक जुडी." रबरबँड कमी पडतायत, दादरला उतरले की फुलबाजारातून पाकीट घ्यायचंय.