फायबर आले म्हणून संदेश पाठवण्याच्या पाळीचे नियम संपत नाहीत

सांगलीतील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा एक मजकूर असा आहे: प्रकाशकिरण एकमेकांना धडकत नाहीत, फायबरची क्षमता अमर्याद असते, प्रकाशाला वेळ लागत नाही आणि स्विच बसवला की उरलेला प्रश्नही मिटतो, म्हणून महासंगणक फायबरने जोडले की कोणी कधी पाठवायचे हे ठरवणारे मीडिया ॲक्सेस प्रोटोकॉल शिकण्याची गरज नाही. हा सल्ला नुकसान करणारा आहे.

किरण धडकत नाहीत, हे वेगवेगळ्या तरंगलांबींपुरतेच मान्य करता येईल. एकाच तरंगलांबीवरचे दोन संदेश एकाच वेळी फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागावर, पडले, तर तो दोन्हींचा मिळून एकच विद्युतप्रवाह देतो आणि कोणताच संदेश वाचता येत नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरात आलेली फायबर जोडणी जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटून देण्याच्या) पद्धतीची असेल, तर एका स्प्लिटरवरची, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या एका भागाला जोडलेली, सगळी घरे १३१० नॅनोमीटरवरच माहिती पाठवतात. म्हणून एक्सचेंजमधील यंत्र आधी प्रत्येक घराचे अंतर मोजते आणि मग प्रत्येकाला पाठवण्याची वेळ नेमून देते. एखाद्या घरातले बिघडलेले यंत्र सतत प्रकाश सोडू लागले, तर शेजाऱ्यांचेही इंटरनेट बंद पडू शकते.

क्षमताही अमर्याद नाही. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तरंगलांबी द्यावी, तर सी बँडमध्ये (फायबरमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या तरंगलांबींच्या पट्ट्यात) ५० गिगाहर्ट्‌झ अंतराने त्या जेमतेम ८०-९० बसतात आणि महासंगणकात नोड, म्हणजे एकत्र जोडलेले संगणक, हजारो असतात. त्याहून महत्त्वाची अडचण रिसीव्हरची आहे. तो एका वेळी एकाच तरंगलांबीवर लावलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या तरंगलांबीवरून त्याच्यासाठीच आलेला संदेश किरण न धडकताही वाया जातो; आणि तरंगलांबी बदलायला एक मायक्रोसेकंद लागला, तरी १० गिगाबिट वेगाने १०,००० बिट पाठवण्याइतका वेळ निघून जातो.

वेळ लागत नाही, हे तर सरळ चूक आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सांगली-मिरज एवढ्या, साधारण १० किलोमीटरच्या अंतराला ५० मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात १० गिगाबिट वेगाने पाच लाख बिट फायबरमध्ये शिरलेले असतात. मार्ग मोकळा आहे का, हे ऐकून पाठवण्यात मग अर्थ उरत नाही. २००२ च्या १० गिगाबिट इथरनेट मानकात ती पद्धत ठेवलेलीच नाही. एकाच दालनातल्या ५० मीटरलाही २५० नॅनोसेकंद लागतात, म्हणून छोट्या संदेशासाठी आधी परवानगी मागणेसुद्धा महागात पडते. वाहतूक नियमित असेल तिथे ठरावीक वेळखंड आणि अनियमित असेल तिथे नियंत्रण-वाहिनीवरून आरक्षण, अशी निवड यातूनच करावी लागते.

स्विच बसवला की प्रश्न मिटतो, हा शेवटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. दोन टोकांमधल्या स्वतंत्र फुल-डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणाऱ्या) जोडणीवर पाळीचा प्रश्न येत नाही. पण एकाच पोर्टकडे निघालेले दोन संदेश इलेक्ट्रॉनिक स्विचच्या मेमरीत थांबतात, आणि प्रकाशाला तसे थांबवून ठेवता येत नाही. प्रकाशीय स्विचला वेळापत्रक आधीच हवे असते. गुगलच्या ४,०९६ चिपांच्या टीपीयू व्ही४ या एआयसाठीच्या महासंगणक यंत्रणेतील सूक्ष्म आरशांच्या स्विचना मार्ग बदलायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून तिथे जोडणी काम सुरू होण्यापूर्वी ठरते, प्रत्येक संदेशागणिक नाही.