चाकोचं जंगल आणि मेनोनाइटांचा विवेक

छत्तीसगडात धमतरीला मेनोनाइट मिशनचं जुनं हॉस्पिटल आहे. १८९९ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, ही माणसं अमेरिकेतून तिथे आली. सोळाव्या शतकात युरोपात सुरू झालेला हा ख्रिस्ती पंथ. साधं राहायचं, शस्त्र हाती धरायचं नाही, यासाठी त्यांनी कितीदा घरंदारं सोडली. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच हे लिहितेय.

दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वेच्या पश्चिमेकडच्या चाको या कोरड्या जंगली प्रदेशात मेनोनाइट १९२७ मध्ये कॅनडातून पोचले. कॅनडात मुलांना इंग्रजी शाळेत घालायची सक्ती झाली होती, ती त्यांना मान्य नव्हती. कित्येक जण वाटेतच टायफॉइडने गेले. चाकोत रणरणतं ऊन, काटेरी झाडोरा आणि जमिनीखालचं पाणी बहुतेक ठिकाणी खारट. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून त्यांनी संसार उभे केले, सहकारी डेअऱ्या काढल्या. ही जिद्द कुणीही नाकारू नये.

पण जमीन रिकामी नव्हती, ती एन्लेत या आदिवासींची होती. आणि कुरणांसाठी जंगल गेलं. दोन बुलडोझरांमध्ये जाड साखळी ताणायची आणि पुढे चालायचं. मधलं सगळं मुळासकट आडवं होतं. झाडं गेली की खालचं खारं पाणी वर चढतं आणि जमीन क्षारपड होते. ही तोड एकट्या मेनोनाइटांची नाही, ब्राझीलचे बडे गुरंवालेही त्यात आहेत. पण त्यांच्याकडून मला विवेकाची अपेक्षाच नाही.

पॅराग्वेत २००४ मध्ये जंगलतोडबंदीचा कायदा झाला, तो फक्त पूर्व भागापुरता. चाकोत जमिनीवरचं २५ टक्के जंगल राखलं की बाकीचं परवानगी काढून तोडता येतं. सैन्यभरतीचा कायदा विवेकाला पटेना म्हणून ज्यांच्या पूर्वजांनी कॅनडाच्याही आधी रशिया सोडला, त्यांना ‘कायद्यात बसतं’ एवढं उत्तर कसं पुरेल? चाकोच्या उत्तरेकडच्या भागात आयोरेओ या आदिवासींचे काही गट आजही बाहेरच्या जगापासून दूर जंगलात राहतात. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेणं ही हिंसाच आहे.

अमेरिकेतले मेनोनाइट या विषयावर चांगलं काम करतात. इंडियानात गोशेन कॉलेजचं मेरी ली हे केंद्र आहे, तिथे विद्यार्थी जंगलात आणि पाणथळीत राहून परिसंस्था शिकतात. चर्चच्या छपरांवर सोलर पॅनल बसतात. उत्तम. पण त्यांचेच धर्मबंधू चाकोतल्या लोमा प्लाता आणि फिलाडेल्फिया या गावांत राहतात. त्यांच्याशी हा विषय काढायला हवा, एन्लेत आणि आयोरेओंना शेजारी बसवून, पुढचं कुरण मोकळं करायच्या आधी.