हिरवा ट्रेल

थार घेतल्यापासून दाजींना धड रस्ते आवडेनासे झालेत. गुळगुळीत सिमेंट दिसलं की तोंड वाकडं करतात. म्हणून रविवारी आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या पुढं, डोंगराच्या कडेला असलेल्या एका ऑफरोड पार्कात गेलो. खराब रस्त्यावरून गाडी न्यायची आणि वर आपणच पैसे द्यायचे! आमच्या पाणंदीला तिकीट लावलं असतं, तर ग्रामपंचायतीनं एव्हाना विमानतळ बांधला असता.

फाटकाशी फळा होता. हिरवा ट्रेल नवशिक्यांना, निळा मध्यम, लाल कठीण. लाल म्हणजे काळ्या फत्तराच्या पायऱ्या. एक चाक हवेत आणि ड्रायव्हरचा जीव त्याच्याही वर. स्टिअरिंगवर मी होतो. तिथल्या पोरानं मला न्याहाळलं आणि न विचारताच सांगितलं, "तुम्ही हिरवा घ्या, काका."

मग त्यानं चारी चाकांतली हवा 32 वरून 18 वर आणली. टायर पसरतं, पकड वाढते म्हणे. जन्मभर हवा भरायला पैसे दिले, काढायला पहिल्यांदाच. छोटा दांडा ओढून गाडी फोर-एलमध्ये, म्हणजे चारी चाकांना सावकाश पण जोरात ओढणाऱ्या गिअरमध्ये टाकली आणि निघालो.

फळा रंगवणाऱ्यानं एकच गोष्ट धरली नव्हती. आदल्या रात्री मृगाची पहिली सर येऊन गेली होती. फत्तराला पावसाचं काय, धुऊन निघतो. हिरवा ट्रेल मात्र अस्सल काळ्या मातीचा. हीच माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत कोपरापर्यंत हात जातो. पाणी मिळालं की फुगते आणि मग पावण्याला सोडत नाही.

"रेस देऊ नका!" पोरगा ओरडला. मी दिली. घाबरल्यावर पाय दाबला जातो, त्याला मी काय करू? टायरच्या नक्षीत माती बसली, चारी चाकं डिंकाच्या लाडवासारखी गोल गुळगुळीत झाली. गाडी नाकासमोर जायचं सोडून अंगाअंगानं सरकली आणि चरात बसली. गाडीच्या पोटाखालचा 226 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स चिखलानं शिगोशीग भरला.

दाजी उतरले. पाय वर आला, बूट खालीच राहिला. बूट काढायला वाकले, तर दुसरा रुतला. तेवढ्यात लाल ट्रेल करून आलेली एक जीप थांबली. मागच्या सीटवरची चिमुरडी शांतपणे मुरमुरे खात आमच्याकडं बघत होती. त्यांनीच पट्टा बांधून आम्हाला ओढलं. दाजी मला एवढंच म्हणाले, "ताईला सांगू नको."

परतताना वॉशिंग सेंटरवर थांबलो.

"कोणता ट्रेल केला, साहेब?"

"लाल," दाजी म्हणाले. पायात बूट नव्हते, पण आवाज खणखणीत.

त्यानं मडगार्डखालची चिमूटभर माती काढली, बोटांत वळून गोळी केली, बघितली.

"लालवर तर निव्वळ दगड हाय," तो म्हणाला आणि आत वळून ओरडला, "हिरव्याची गाडी आली रे! खोरं आण आधी."